एकविसावं मिनिट

इंटरवलनंतर एकविसाव्या मिनिटाला
ते दोघं पाण्याच्या टाकीवर चढतात.
एवढंच. गाणं नाही, वारा नाही.
एक जण दुसऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट करतो
आणि हात तिथंच राहतो.
मग तोंड जवळ आणतो.

शुक्रवारी, वसमतला, दिलशाद टॉकीजमध्ये
आधी मागच्या रांगेत एक हसू फुटलं.
विनोदाला येतं तसलं नाही,
साप समजून दोरीवरून उडी मारल्यावर
पोरं हसतात तसलं.
मग खोकले. एकाचा ऐकून दुसऱ्याचा,
अख्ख्या बाल्कनीच्या नाकात
हळदीचा खकाणा गेल्यासारखे.
खुर्च्या फटाफट मिटल्या.
"काहून दाखवायलेत बे हे?"
"बायका-लेकरं हायेत इथं!"
बायका बसूनच होत्या.
एकीनं पदर तोंडाला लावला,
डोळ्यांना नाही.

मागच्या महिन्यात याच पडद्यावर
भावानं भावाला उसाच्या चरकात घातलं
तेव्हा लेकरं मांडीवर बसून कुरमुरे खात होती.

मी वर असतो, केबिनच्या चौकोनी काचेमागं.
मोंढ्यातला एक आडत्या मुतारीला म्हणून उठला,
गेलाच नाही.
दाराच्या पडद्याची फट धरून उभा राहिला
सीन संपेपर्यंत.
मग जागेवर येऊन बायकोला
मधे काय झालं, ते विचारत होता.

शेठचा फोन आला. लोक पैसे परत मागायलेत.
म्हणालो, कापता येत नाही शेठ,
रीळ राहिलं नाही,
आता पिक्चर कुलूप लावून येतो.
"मग हात धर पुढं. तेवढ्यापुरता."

सहाच्या शोला धरला.
पडदा काळा झाला
आणि खालून तेच लोक शिट्ट्या मारत ओरडले,
पिक्चर लाव! ए, पिक्चर लाव!

सगळा उजेड माझ्या तळहातावर.
इतक्या जवळ चित्र लागत नाही, फोकस नसतो.
नुसता एक कोमट, तांबूस, हलता डाग.
नाक नाही, मिशी नाही,
बाई कोण, बाप्या कोण, काही कळेना.
बोटांच्या कडा आतून लाल झाल्या.

तो लाल मला माहीत होता.

रऊफ पेंटर. बावीस वर्षं झाली.
टॉकीजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
तो हिरोइनीचे हातभर ओठ रंगवायचा,
मी शिडी धरायचो.
एकदा उतरताना त्याचा अंगठा
माझ्या मानेला लागला
आणि तिथंच राहिला.
घरी सांगितलं, रंग लागला.
खोटं नव्हतं.
रॉकेलनं घासला, कातडी चुरचुरेपर्यंत.
मग फ्लेक्स आले. रऊफ निजामाबादला गेला,
का आणखी पुढं.
त्याचं एकही चित्र नाही माझ्याकडं,
दर गुरुवारी रात्री तोच ती पांढरी करायचा,
नव्या पिक्चरसाठी.

शनिवारी हात धरला. रविवारी चारदा.
सोमवारी नऊचा शो सुटला तर
जिन्याखाली मोंढ्यातला एक हमाल थांबलेला,
विशीतलं पोरगं. तिसऱ्यांदा आलेलं, मी ओळखलं.
"ते टाकीवर चढतेत, पुढं काय होतंय हो?
दर टायमाला तिथंच अंधार व्हायलाय."
अंघोळ करून आला होता, केस ओले,
पण कानामागं हळद राहिली होती,
नवरदेवाच्या राहते तशी.

लाईट जाते, असं सांगायचं ठरलं होतं.
मी किल्ल्या शोधायला लागलो. हातातच होत्या.

म्हणालो, उद्या मॅटिनीला ये.
मॅटिनीला माझा हात दुखतो.